काटे उलटे फिरवायचे नाहीत

बोटीच्या सहलीवरून आल्यापासून आमच्या बाहेरच्या खोलीचं चौकशी कार्यालय झालंय. खालच्या मजल्यावरचे मास्तर येऊन गेले, शिवणवाल्या बाई येऊन गेल्या, परवा तर औषधाच्या दुकानदाराचे व्याही आले. त्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना बोटीने फिरायला जायचंय आणि सगळ्यांना कुणीतरी सांगितलंय, ‘टिकटिक काकांना विचारा.’

टिकटिक काका म्हणजे आमचे हे. एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. जिन्याखालचं दुकान. दुकान कसलं, इस्त्रीच्या टेबलाएवढी जागा! मागच्या भिंतीवर वीस-बावीस घड्याळं, समोर काचेची पेटी आणि मध्ये एका डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस. जेवणाचा डबा घेऊन गेले तरी भिंग काढायचे नाहीत, तसेच वर बघायचे. लग्नानंतरची दोन वर्षं मला वाटायचं, हे माझ्यात काही बिघाड शोधताहेत.

पुढे फोन आले आणि लोकांनी घड्याळं बांधणंच सोडलं. शेवटची काही वर्षं नुसते सेल बदलून द्यायचं आणि पट्टे विकायचं काम उरलं. पण ह्यांची शिस्त तीच. पाहुण्याच्या घरी गेले तरी आधी भिंतीकडे बघणार आणि घड्याळ चुकीचं असलं की चहा यायच्या आत स्टुलावर चढणार. लोक हसायचे. मी मात्र चिडायची. अहो, लोकांनी बसायला बोलावलंय, चढायला नाही! पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एक नियम तर असा की तोंडपाठ झालाय मला. काटे उलटे फिरवायचे नाहीत. घड्याळ पुढे असलं तर ते थांबवून ठेवायचं आणि वेळ आपोआप गाठू द्यायची. ह्यांच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, काटा मागे ओढला की आतल्या चाकांना इजा होते. आता सगळ्याच घड्याळांना होते असं नाही, ते ह्यांनाही ठाऊक आहे. पण गुरूंनी सांगितलं ना, मग संपलं.

तर ही सहल. मुलाने तिकिटं काढून द्यायचं ठरवलं आणि तीन बोटींची माहिती पाठवली. एकीवर मोठा तरणतलाव, दुसरीवर रोज गाण्याचा कार्यक्रम. ह्यांनी तिसरी निवडली, जिच्यात दोन्ही धड नव्हतं. कारण ती चौथ्या दिवशी माझ्या ताईच्या गावच्या बंदराला लागत होती.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन लांब गेली. आई गेली तेव्हा तिला यायला आठ दिवस लागले आणि मी, जिभेला हाड नसलेली, चारचौघांत तिला म्हणाले, ‘पाहुण्यांसारखी आलीस, पाहुण्यांसारखीच जा.’ ती दुसऱ्या दिवशी गेली. त्याला बावीस वर्षं झाली. फोन व्हायचे, नाही असं नाही. पाऊस आहे का, गुडघे कसे आहेत, एवढंच. ‘चुकलं माझं’ हे काही फोनवर निघेना. मागच्या वर्षी ताई पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यातच डॉक्टरांनी हृदयाचंही काहीतरी सांगितलं. तिला प्रवास बंद. मला विमान म्हटलं की हातपाय गार पडतात आणि रस्त्याने तीन दिवस बसणं माझ्या कमरेला झेपणारं नाही. राहिली बोट. मी ठरवलं होतं, तिच्यासमोर बसून हे एक वाक्य बोलायचं. बाकी समुद्र दिसला काय नि न दिसला काय.

ह्यांनी दोन महिने तयारी केली. वहीच घातली. येणाऱ्या लोकांना आता ह्याच वहीतून वाचून दाखवतात. बोट सुटते त्या गावी आदल्या दिवशीच पोचायचं, त्याच दिवशी पोचायचा शहाणपणा करायचा नाही. खोली खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची घ्यायची, तिथे हलणं कमी. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. समुद्रात फोनचं बिल डोळे पांढरे करतं, तेव्हा फोन बंद करून तिजोरीत ठेवायचा. बंदरावर उतरताना धक्क्याचं नाव आणि फाटकाचा नंबर कागदावर लिहून खिशात टाकायचा. आधी लांबचं ठिकाण उरकायचं, जवळचं शेवटी. बोटीवाल्यांच्या सहलीतून गेलात तर बोट सहसा आपली वाट बघते. स्वतःच्या मनाने गेलात तर बोट कुणाच्या बापाची वाट बघत नाही. म्हणून दिलेल्या वेळेच्या एक तास आधी धक्क्यावर हजर. पासपोर्ट खिशात, म्हणजे बोट चुकलीच तर पुढच्या बंदरावर जाऊन गाठता येते.

एवढं सगळं लिहिलेला माणूस. आणि चुकला कुठे, तर घड्याळात!

तिसऱ्या रात्री खोलीत चिठ्ठी आली. रात्री दोन वाजता सर्व घड्याळं एक तास मागे घ्यावीत. मी म्हटलं, ‘घ्या की मग.’

‘उलटं फिरवू? सकाळी चहाच्या वेळी घड्याळाची चावी बाहेर ओढून ठेवतो. तासभर थांबेल, मग सोडतो.’

सकाळी मी चहा धड पिऊच दिला नाही. ताईसाठी विणलेला स्वेटर आणि तिला आवडणारी बिस्किटं पिशवीत भरून मी दारात उभी. ‘अहो चला, अहो आटपा.’ त्या गडबडीत चावी ओढायची राहून गेली आणि ह्यांच्या डोक्यात मात्र ते काम झालेलं. उतरायचं दार आठला उघडायचं होतं. ह्यांच्या मनगटावर नऊ वाजत आले तरी उघडेना. हे रांगेत पुटपुटताहेत, ‘बघ, तासभर उशीर. मी म्हणत नव्हतो, बंदरावर असं होतं?’ मागचा माणूस ह्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत होता. मला वाटलं, ह्यांच्या टोपीकडे बघतोय.

टॅक्सीने पस्तीस मिनिटं लागली. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. खिडकीशी पलंग, पलंगाला लागून चाकांची खुर्ची, हाताशी पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांच्या डब्या. तिचा मुलगा कामावर गेला होता, सांभाळणारी बाई आम्हाला दार उघडून बाजारात गेली. ताई केवढीशी झाली होती! मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. मग मी डोळे पुसून विचारलं, ‘गुडघे कसे आहेत?’

झालं! तिथून गाडी गुडघ्यांवरच अडकली. गुडघे, मग डॉक्टर, मग सुना, मग शेजारीण. वाक्य माझ्या घशाशी यायचं आणि परत खाली जायचं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ठीक होती, तेवढ्यात ह्यांची नजर भिंतीवर गेली.

‘ताई, तुमचं घड्याळ तासभर मागे आहे.’

‘बरोबर आहे ते,’ ताई म्हणाली.

‘छे! बोटीची आणि तुमच्या गावाची वेळ एकच आहे, मी चौकशी केलीय.’ आणि चढले की हे खुर्चीवर! काटा सरळ फिरवून एक तास पुढे केला, काच पुसली, खाली उतरले. ताईने पुन्हा अडवलं नाही. तशी ती मानी आहे, एकदाच बोलते. पण त्यानंतर ती गप्पगप्पच झाली, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी आपली शेजारणीचं पुढे चालू.

जेवणं झाली. ताईने स्वेटर घातला, बाह्या थोड्या लांब झाल्या होत्या. वाक्य बोलायचं म्हणून मी तिचा हात हातात घेतला आणि हे उठले. ‘दोन वीस झाले. निघायला हवं. तीनला धक्क्यावर.’

मला ओरडावंसं वाटलं. पण बोट चुकली तर काय, ह्या भीतीने मीही उठले. ताई नव्या वेळेच्या त्या घड्याळाकडे बघत म्हणाली, ‘हो हो, निघा. तुम्हाला लांब जायचंय.’ दारातून मागे वळून पाहिलं तर ती आमच्याकडे बघतच नव्हती. टॅक्सीत मी पस्तीस मिनिटं रडले. हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने खिशातला फाटकाचा कागद चाचपत होते.

धक्क्यावर शुकशुकाट. बोटीच्या शिडीपाशी फळ्यावर लिहिलेलं, ‘सर्वांनी चार वाजेपर्यंत आत यावे,’ आणि वर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. एक छप्पन.

हे उभेच राहिले. मनगटाकडे बघितलं, वर बघितलं, परत मनगटाकडे. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला.

‘घड्याळ मागे पडतं ते सात मिनिटं पडतं, सतरा मिनिटं पडतं,’ हे हळूच म्हणाले. ‘नेमकं एक तास मागे कधी पडतं का? शिकाऊ पोराच्याही लक्षात आलं असतं. मी तुझा तास खाल्ला गं.’

मी खूप बोलू शकले असते. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्यांचं ते तोंड बघून माझा राग जागच्या जागी विरघळला. मी म्हटलं, ‘जाऊ द्या. आता आत जाऊन बसू.’

‘चल,’ हे म्हणाले आणि शिडीकडे पाठ करून टॅक्सीच्या दिशेने निघाले.

‘अहो, जायला पस्तीस, यायला पस्तीस! आणि तुमचा तो एक तास आधी हजर राहायचा नियम?’

‘बोट पुढच्या बंदरावर गाठता येते,’ हे म्हणाले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

ताईच्या घरी पोचलो तेव्हा खरे दोन पस्तीस झाले होते. टॅक्सीवाल्याला खालीच थांबवलं. दार बाईने उघडलं. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. स्वेटर काढून नीट घडी घालून उशाशी ठेवला होता. आमची चाहूल लागली तशी वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आश्चर्य होतं.

‘काय राहिलं?’ तिने विचारलं.

‘काही नाही राहिलं. ह्यांचं घड्याळ चुकलं होतं. अजून वेळ आहे आम्हाला.’

ताई कोपरावर टेकून अर्धवट उठली. मग म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्हालाच निघायची घाई झालीय. म्हणून घड्याळ पुढे केलंत. म्हटलं, जाऊ दे, पाहुणीच आहे, तिला कशाला अडवा.’

आम्ही बोटीत जाऊन बसलो असतो, तर माझी बहीण उरलेलं आयुष्य हेच धरून राहिली असती. मी तिच्या पलंगाशी खाली जमिनीवरच बसले आणि बावीस वर्षं घशात अडकलेलं ते एकदम बाहेर आलं. ‘ताई, चुकलं माझं. आईच्या वेळी मी तुला जे बोलले ते चुकलं. तू पाहुणी नव्हतीस गं. मला माफ कर.’

हात पुढे करून तिने माझा कान धरला, लहानपणी धरायची तस्सा, आणि चांगला पिळला. ‘एवढं बोलायला बावीस वर्षं लागली होय तुला, भवाने?’ आणि मग आम्ही दोघी हसलो काय, रडलो काय, त्या बाईलाही कळेना काय करावं. ती बिचारी चहा करायला गेली.

ह्या सगळ्यात हे कुठे होते? खुर्चीवर. घड्याळ भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं होतं. मला वाटलं, सेल काढून तासभर थांबवून ठेवतील, आणि मग बाईला सांगतील नीट वेळेला घाला म्हणून. पण नाही. ह्यांनी बोटाने काटा धरला आणि मागे फिरवला. उलटा. पूर्ण एक फेरा. एक्केचाळीस वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

‘आता बरोबर आहे ना?’ ताईने चिडवून विचारलं.

‘मघाशीही बरोबर होतं, ताई,’ हे म्हणाले.

चाळीस मिनिटं मिळाली आम्हाला. ताईने परत स्वेटर घातला, मी बाह्या दुमडून टाके घालून दिले. गुडघ्यांचं नाव कुणी काढलं नाही. आईबद्दल बोललो, खूप बोललो. निघताना तिने खिडकीतून हात केला, टॅक्सी वळेपर्यंत.

शिडी चढलो तेव्हा चारला सहा मिनिटं होती. वरचा खलाशी हात हलवून ‘लवकर, लवकर’ म्हणत होता. हे धापा टाकत चढले आणि सबंध प्रवासात पहिल्यांदा पोट धरून हसले.

तर आता लोक येतात, हे वही उघडतात. खोली कुठली घ्यावी, फोन कुठे ठेवावा, सगळं वाचून दाखवतात. घड्याळाची गोष्ट मात्र कुणाला सांगत नाहीत. ती मी सांगते, स्वयंपाकघरातून. परवा त्या व्याह्यांनी विचारलं, ‘काका, बंदरावर उतरलो तर बोटीवर किती आधी परतावं?’ वहीत ठळक लिहिलंय, एक तास. ह्यांनी वही मिटली.

‘त्या गावात तुमचं कोणी राहतं का?’ ह्यांनी विचारलं.