कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा

गेल्या महिन्यात मला एका माणसाचा फोन आला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. बँकेतून बोलतोय म्हणाला. माझं कार्ड बंद पडणार आहे, मोबाईलवर आलेला आकडा तेवढा सांगा, या वयात तुम्हाला बँकेत हेलपाटा नको, पुढचं सगळं मी करतो, असं म्हणाला. त्या हेलपाट्याच्या काळजीनेच मी सावध झाले. मी फोन ठेवला, रिक्षा केली आणि बँकेत जाऊन लेखी तक्रार दिली. "पैसे तर गेले नाहीत ना आजी, मग कशाला?" असं तिथल्या मुलाने विचारलं. पैसे गेले नाहीत म्हणून गप्प बसायचं, हे आमच्या घरात चालत नाही. का चालत नाही, ते लिहून ठेवते.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रोहिणखेडच्या पलीकडे एका लहान गावात आमचा भाजीचा मळा होता. बाबा वांगी, मेथी, मिरची पिकवायचे आणि माय ती तालुक्याच्या आठवडी बाजारात विकायची. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. मायच्या माहेरी-सासरी मिळून इतकं शिकलेलं तोपर्यंत कोणी नव्हतं. आमचे हेडमास्तर स्वतः मळ्यात येऊन सांगून गेले होते, "हिला अकोल्याला कॉलेजात घाला. बुद्धी वाया घालवू नका." त्यांचे उपकार मी जन्मभर मानले आहेत. पण त्यांच्याही आधी, मी आठवीत असतानाच, मायने माझ्या कॉलेजासाठी पोस्टात खातं काढलं होतं. दर बाजाराला थोडे पैसे त्यात टाकायचे, हा तिचा नेम होता.

अडचण एकच. बाजार ऐन भरात असायचा तेव्हाच पोस्टाची खिडकी उघडी असायची, आणि दुकान सोडून उठलं की गिऱ्हाईक शेजारणीकडे जायचं. ही अडचण बाजारातल्या सगळ्याच बायांची. ती सोडवायला पोस्टाच्या ओट्यावर एक अर्जनवीस बसायचा. अर्ज, मनीऑर्डर, पोस्टाचे फॉर्म लिहून देणं हा त्याचा धंदा. सगळे त्याला मुनशीजी म्हणत. बाजाराच्या दिवशी तो शाईचा पॅड आणि पत्र्याची पेटी घेऊन दुकानादुकानातून फिरायचा. पैसे घ्यायचा, पोस्टात भरायचा, पासबुक आणून दाखवायचा.

"वहिनी, तुम्ही कायले उठता? मी हावो ना," असं म्हणत तो मायच्या पुढ्यात उकिडवा बसायचा. माय लिहिणावळ देऊ लागली की हात जोडायचा. "तुमच्याकून पैसे घेऊन मी कोन्या नरकात जाऊ? दोन वांगे टाका थैलीत."

दोन वांगी म्हणता म्हणता थैली भरायची, पण पहिली काही वर्षं त्याने एक पैसाही खाल्ला नाही. हे मी मुद्दाम लिहिते. पहिल्या दिवशीच फसवणारा माणूस फार दूर जात नाही.

मग त्याने एक सोय काढली. खात्यातून पैसे काढायच्या फॉर्मवर आधीच अंगठे देऊन ठेवायचे. आकडा नाही, तारीख नाही, नुसता कोरा फॉर्म आणि खाली अंगठा. अचानक पैसे लागले तर कोणाच्याही हाती निरोप पाठवायचा, मुनशीजी त्यातल्या एका फॉर्मवर रक्कम भरणार, साक्षीदार म्हणून सही करणार आणि पैसे काढून घरपोच पाठवणार. सगळ्या बायांनी असे अंगठे दिले. मायने सात फॉर्मांवर दिले आणि पदराने जांभळी शाई पुसून पुन्हा तराजू उचलला. त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. विश्वासाच्या माणसाला अंगठा देणं आणि शेजारणीला घराची किल्ली देणं, यात आमच्याकडे कोणी फरक करत नसे. दसऱ्याआधी बाबा तापाने पडले, तेव्हा मायने निरोप धाडला आणि संध्याकाळी मोटारीच्या क्लीनरबरोबर पैसे आले. तिने मुनशीजीला मोठं कोहळं पाठवून दिलं.

त्यानंतर पासबुक काही तिच्या नजरेला पडलं नाही. विचारलं की तो म्हणायचा, "व्याज चढवायले वरच्या हापिसात गेलं हाय."

जूनमध्ये माझा निकाल लागला. मी पास झाले. कॉलेजात पैसे भरायला पंधरा दिवस होते. त्या बाजाराला मायने दुकानावर मला बसवलं आणि पहिल्यांदाच स्वतः खिडकीशी गेली. थोड्या वेळाने ती परत आली. ती पोत्यावर बसली, एका बाईला पावशेर मिरची मोजून दिली, आणि मग म्हणाली, "अकरा रुपये हायेत म्हनते."

"कशात?"

"खात्यात."

मी धावत पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाबूंनी मोठं रजिस्टर उघडून दाखवलं. हिवाळ्यात पाच वेळा पैसे काढले होते. "फॉर्मवर अंगठा आहे, साक्षीदाराची सही आहे. आम्ही आणखी काय पाहायचं?" ते म्हणाले. मुनशीजी बाहेर ओट्यावरच होता. तो म्हणाला, "वहिनींनीच निरोप धाडले होते. इसरल्या असतीन." संध्याकाळपर्यंत बाजारात कुजबुज सुरू झाली. पलीकडची लसूणवाली मोठ्याने म्हणाली, "माहेरी देल्ले असतीन, न् आता नाव घेते दुसऱ्याचं."

मायने तिच्याकडे पाहिलं. "माह्या माहेरी पोस्ट हाय वो. मनीऑर्डर आली का, तिथं जाऊन विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. पहिल्या मसुद्यात मी 'नराधम', 'विश्वासघातकी' असे बरेच शब्द घातले होते. हेडमास्तरांनी ते सगळे खोडले. "तारखा लिही. काय दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं, एवढंच लिही," असं ते म्हणाले. स्वच्छ प्रत काढली, मायने खाली अंगठा उमटवला आणि पत्र रजिस्टर्ड डाकेने पोस्टाच्या वरच्या कचेरीत गेलं.

चार दिवसांनी दिवेलागणीच्या आधी मुनशीजी मळ्यात आला. बाबांनी बाज टाकली.

"भाऊ," तो बाबांना म्हणाला, "हे कोन्यातरी बाबूची गडबड हाय. मी तं मधातला मानूस. पन पोरीचं वर्ष वाया जाते, ते मले पाहवत नाही. अर्धे पैसे मी माह्या पदरचे देतो. उद्याच देतो. फक्त तो अर्ज वापस घ्या."

बाबांनी मायकडे पाहिलं. बाबा भांडणाला फार भीत. सरकारी कागद म्हटला की ते दोन हात लांब राहायचे.

माय म्हणाली, "तुमी काही घेतलं नाही म्हनता. मंग पदरचे काऊन देता?"

"मानुसकी हाय वहिनी."

"एवढी मानुसकी कोनी फुकट वाटत नाही. चहा पेता का?"

तो चहा न घेताच उठला. जाताना म्हणाला, "चौकशीत काही निघत नसते वहिनी. अंगठा तुमचाच हाय. मंग अर्धेबी जातीन."

तो गेल्यावर मी मायजवळ बसले. खरं लिहायचं तर त्या वेळी मला न्याय वगैरे काही नको होतं, मला अकोल्याला जायचं होतं. "माय, अर्धे घे ना. अर्ध्यात यंदाचं भागते. पुढचं पुढं पाहू."

"आन् त्या कांदेवालीचं?"

"तिचं काय?"

"तिचंबी पासबुक वर गेलं हाय म्हनते. मिरचीवालीचंबी. मी अर्धे घेतले का तो सांगन, पाहा, हिचं मिटलं. मंग त्यायचं कोन आयकन?"

"माहं वर्ष जाईन."

"जाईन," माय म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. भरायची मुदत टळून गेली. माझ्या वर्गातला एक मुलगा अकोल्याला गेला, आणि मी मळ्यात वांगी तोडत बसले.

श्रावणात पोस्टाचे इन्स्पेक्टर तालुक्याच्या पोस्टात चौकशीला आले. वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी टेबलावर ते पाच फॉर्म ओळीने मांडले आणि शेजारी आमची तक्रार ठेवली. मी प्रत्येक फॉर्म वाचला. रक्कम अक्षरी, आकड्यात, तारीख, साक्षीदाराची सही, सगळं नीट होतं. मला कुठेच चूक सापडेना. मुनशीजी दाराशी हात बांधून शांत उभा होता.

"बाई, हे अंगठे तुमचे आहेत का?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

माय वाकली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने अक्षरांकडे पाहिलंच नाही. ती एकेका अंगठ्याकडे पाहत गेली. मग म्हणाली, "माहेच हायेत, साहेब. पन जुने हायेत."

"जुने म्हणजे?"

तिने डावा अंगठा त्यांच्यापुढे धरला. बाबा तापाने पडले त्याच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांसाठी हिरवा चारा कापताना विळा निसटून तो अंगठा हाडापर्यंत चिरला होता. सरकारी दवाखान्यात टाके पडले होते. जखम भरली, पण अंगठ्यावरून तिरपा वण कायमचा राहिला. आमच्या तक्रारीखालच्या अंगठ्यात तो वण पांढऱ्या रेघेसारखा स्वच्छ उमटला होता. फॉर्मवर तारखा होत्या पौष-माघातल्या, आणि पाचही अंगठे अखंड होते. इतके दिवस आम्ही शिकलेली माणसं त्या कागदांवर डोकं चालवत होतो, पण अंगठ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मुनशीजी पहिल्यांदा पुढे आला. "साहेब, घाव काय, भरून येते."

इन्स्पेक्टरांनी पॅड पुढे सरकवला. मायने अंगठा उमटवला. रेघ होतीच. त्यांनी भिंग काढून बराच वेळ पाहिलं, मग दवाखान्यातून टाक्यांची नोंद मागवली, आणि शेवटी मुनशीजीला पेटी उघडायला लावली. पेटीत दोऱ्यात ओवलेले कोरे फॉर्म निघाले. प्रत्येकावर अंगठा. कोणता अंगठा कोणाचा हे लक्षात राहावं म्हणून कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण होती: कांदे, मिरची, लसूण, गूळ. एकावर 'वांगी' लिहिलं होतं. माय ते वाचू शकली नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "इतके वर्ष वहिनी म्हने."

त्या दिवशी लसूणवालीही तिथेच होती. तिने मायजवळ येऊन काहीतरी पुटपुटलं. माय म्हणाली, "पयले तुवं पासबुक पाह्य."

पैसे परत मिळायला पुढे कितीतरी महिने लागले. ते वर्ष मी बाजाराच्या दिवशी पोस्टाच्या ओट्यावर, मुनशीजीच्याच रिकाम्या जागेवर बसून काढलं. बायांचे फॉर्म फुकट लिहून द्यायचे. रक्कम भरून झाली की उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायची. मोठ्याने वाचून दाखवायचं. मगच अंगठा. कोऱ्या फॉर्मवर आधीच अंगठा देऊन कोणी आलं तर मी तो तिच्यासमोर फाडायची. मुनशीजीचा एक भाचा येता-जाता टोमणे मारायचा, "कॉलेज इथंच भरलं का वो बाई?" मी म्हणायची, "हो. तुह्या मामाचीच शाळा हाय, अंदर ये." पुढे तो यायचा बंद झाला.

त्या वर्षी मी मायला सही शिकवायला बसले. तिने दोन दिवस पाटी गिरवली आणि बाजूला ठेवली. "सही कोनीबी काढते," म्हणाली. "हा अंगठा कोन काढन?" मात्र तिने स्वतःचा एक नियम केला. अंगठा देण्याआधी कागद, लिहिणारा सोडून, आणखी दोन माणसांकडून वाचून घ्यायचा. दोघं एकमेकांच्या ओळखीची नसली पाहिजेत, आणि एकाने वाचलेलं दुसऱ्याने ऐकलेलं नसलं पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात मायचे पैसे पासबुकात परत चढले. जूनमध्ये कॉलेजासाठी ते काढायला आम्ही दोघी तालुक्याला गेलो. मलकापूरची मोटार दुपारी सुटायची, तिथून अकोल्याची गाडी. मी घाईने फॉर्म भरला, रेघ मारली, वाचून दाखवला आणि पॅड पुढे केला.

मायने हात मागे घेतला. पोस्टकार्ड घ्यायला आलेल्या एका मास्तरांना तिने थांबवलं. "बाबू, एवढं वाचून द्या."

मास्तरांनी वाचलं. "कोणी लिहिलंय हे?"

"ह्या पोरीनं."

"तुमचीच ना? मग ती वाचेल की."

"तिनं वाचलं हाय. आता तुमी वाचलं. अजून एक पाह्यजे."

ओट्यावरची माणसं बघत होती. मी हळूच म्हटलं, "माय, मोटार जाईन. मी मॅट्रिक पास हावो."

"मुनशीबी मॅट्रिकच होता," माय म्हणाली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरला हाक मारली.

कंडक्टरने फॉर्म उन्हात धरून रक्कम वाचली. ती मास्तरांनी वाचलेल्या रकमेशी जुळली. तेव्हा कुठे मायने अंगठा पॅडवर दाबला, फॉर्मवर ठेवला आणि नीट उमटलाय की नाही ते वाकून पाहिलं. मोटार आमच्यासमोरून निघून गेली. दुसरी संध्याकाळी होती. पैसे कमरेच्या बटव्यात घालून माय ओट्यावर पाय पसरून बसली आणि मला म्हणाली, "बस. आता काई घाई नाही."