बाईंचा शेंदरी मासा

बैलांच्या दमणीत बसताना मी रडले नाही, कारण माय रडत नव्हती. अकोटच्या बाजारात न्यायची वांग्यांची पाटी एका बाजूला, तिला लागून माझी पत्र्याची ट्रंक आणि मधल्या जागेत पाय आखडून मी. हिवरखेडात आमचा भाजीपाल्याचा मळा होता. लग्नानंतर वर्षाच्या आत पटकीने नवरा गेला आणि मी त्या मळ्यात परत आले होते. काका म्हणत होते, पाट लावून देऊ. मी नको म्हटलं. गावात देवी टोचायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी अमरावतीला नर्सचं शिक्षण मिळतं असं सांगितलं, तेव्हा घरात पहिला होकार दिला तो बाबांनी. बाबा माळकरी. बैल जुंपताना ते एवढंच म्हणाले, "जाय पारू. पन कोनाचा जीव घेऊ नोको. मुंगीचाबी नाई."

दवाखान्यात शिकायला निघालेल्या पोरीला असं का सांगावं, ते तेव्हा मला कळलं नाही. मी मान हलवली.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. नागपूर म्हणजे आम्हाला विलायतेइतकं लांब, आणि अमरावती त्याच्या निम्म्यावर. अकोटहून मोटार, अकोल्याहून आगगाडी, बडनेऱ्याला उतरून पुन्हा दुसरी गाडी. दवाखान्याच्या आवारात मुलींना राहायला खोल्या कमी होत्या, म्हणून मुलींच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी माझी सोय झाली. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा आणि बाईंनी मला राहायला जागा द्यायची.

बाई पुण्याच्या. त्याही बालविधवा, शिकून मास्तरीण झालेल्या. भावाशी पटलं नाही म्हणून इतक्या लांब नोकरी धरलेली. त्या ब्राह्मण, मी माळी, पण चूल माझ्या हाती देताना त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. माझं बोलणं मात्र त्यांना दगडासारखं लागायचं. मी "मले भूक नाई" म्हटलं की त्या हसून म्हणत, "मला. म्हण, मला." मी 'मला' म्हणायला शिकले. पुढे सुट्टीत गावी गेले तेव्हा तिथे 'मला' तोंडातून निघालं, आणि चुलतबहिणी पदर तोंडाला लावून हसल्या. दोन्हीकडे हसं व्हायचं, हे त्या वर्षात पक्कं झालं.

बाईंच्या बैठकीत लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती आणि तिच्यात एक शेंदरी मासा. मूळचे दोन होते. कुणा मैत्रिणीने मुंबईहून आणून दिलेले. एक मी येण्याआधीच गेला. शाळेतून आल्या की बाई पातळही न बदलता पेटीजवळ बसत आणि माशाला दिवसभराची हकीकत सांगत. कोणती मुलगी शाळेतून काढून नेली, कोण गणितात पहिली आली. मी घरात आलेय, हे भांडं वाजवून कळवायची. मग त्या गप्प होत. त्यांना माझी लाज वाटे की माशाची, ठाऊक नाही.

वैशाखात अमरावती तव्यासारखी तापते. दाराला वाळ्याचे पडदे लावले, पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, तरी पाणी कोमट व्हायचंच. मासा आजारी पडला. आधी खाणं सुटलं. मग पोट फुगलं, आणि अंगावरचे खवले चिडलेल्या कोंबडीच्या पिसांसारखे उभे राहिले. तो एका कुशीवर तरंगायचा, सरळ व्हायला धडपडायचा आणि पुन्हा कलंडायचा. बाईंनी मिठाचं पाणी करून पाहिलं. शेजारीण म्हणाली, "विहिरीत सोडून द्या ना बाई. वाचला त त्याचं नशीब."

बाईंनी ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बोलावले. माशासाठी कुणी बोलावतं याचं त्यांना हसू आलं असतं तरी चाललं असतं. पण ते हसले नाहीत. पेटीपाशी उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले.

"हा बरा होणार नाही," ते म्हणाले. "विहिरीत सोडू नका, तिथे तो आणखी झुरत मरेल. पाण्याबाहेर ठेवलात तर तडफडेल. ओल्या फडक्यात घट्ट धरा आणि डोळ्यांच्या मागे, डोक्यावर एकच जोराचा घाव. पण हात कचरता कामा नये. मी करून देऊ?"

बाई एकदम म्हणाल्या, "नको. आज नको." डॉक्टर गेले.

मग बाईंनी तो 'आज' लांबवत नेला. शाळेत जाताना माशाकडे न पाहता जात. रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते, तर त्या चुलीपाशी आल्या.

"पार्वती, तू करशील?"

"बाई, मी बाबाले शब्द देलाय." घाबरले की माझी बोली परत यायची.

"बरं," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या. मी तवा उतरवला. बैठकीत मासा तळाशी कुशीवर पडला होता. कल्ला उघडत होता, मिटत होता, आणि वरचा डोळा उघडाच होता. आदल्या आठवड्यात वॉर्डात एक बाळंतीण अशीच पडून होती, आणि तिच्यासाठी आम्हा कुणाच्याच हातात काही नव्हतं. इथे माझ्या हातात होतं.

मी धुण्याची मोगरी घेतली. परसात धुण्याच्या दगडावर ओलं फडकं अंथरलं. मासा हातात घेतला, तो अगदी हलका लागला, आणि मी त्याला फडक्यात घट्ट धरलं. आतून बाईंचा आवाज आला. त्या मोठ्याने पाढे म्हणत होत्या. एकोणतीसचा पाढा. आवाज कानी पडू नये म्हणून.

मी एकच घाव घातला. दुसरा लागला नाही.

कण्हेरीच्या बुडाशी त्याला पुरून, हात धुऊन आत आले. बाईंनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"त्याला कळलं का गं?"

"नाही बाई. काहीच नाही."

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, आज मीच करते स्वयंपाक. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणत, ठेव तिथे. माझ्या हातांकडे पाहत आणि चटकन नजर वळवत. एका सकाळी त्यांनीच विषय काढला. "तुझा काही दोष नाही. मीच सांगितलं होतं. पण मला जमतच नाहीये गं." आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्याच आठवड्यात दवाखान्याच्या आवारात, दोघींच्या खोलीत तिसरी म्हणून राहायला गेले. जे त्यांचं दुःख संपावं म्हणून केलं, त्यानेच माझं घर गेलं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा सगळं मायला सांगितलं. मायने बाबांना सांगितलं. बाबा माझ्याशी बोलेनात. परतीच्या दिवशी मात्र दमणी त्यांनी स्वतः जुंपली. अर्ध्या वाटेपर्यंत बैलांशीच बोलत होते. मग पाठ न वळवता म्हणाले, "आपल्या लाल्या गोऱ्ह्याचा पाय मोडला होता, तू लहान होती तवा. लय रोज पडून होता. लोक म्हने, सोडव त्याले. म्या नाई सोडवलं. माळ हाय ना गयात. मळ्यात जायचो नाई मी, त्याचं वरडनं आयकू येऊ नये म्हून." बैलांना हाकत म्हणाले, "तवा तू मोठी असती त बरं झालं असतं."

 अकोटला उतरताना ट्रंक त्यांनी उचलून दिली नाही, माझ्याच हातात दिली, जशी बरोबरीच्या माणसाला देतात.

शिक्षण संपल्यावर माझी अकोल्याला नेमणूक झाली. बाई म्हाताऱ्या होऊन पुण्याला परत निघाल्या, तेव्हा गाडी अकोल्याला थांबते म्हणून त्यांनी कळवलं. मी स्टेशनावर डबा घेऊन गेले. त्या खिडकीशी होत्या, खूप वाळलेल्या. "बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. डबा त्यांनी मांडीवर घेतला, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि गाडी हलली. त्यातलं त्यांनी खाल्लं की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही हिवरखेडची माणसं विचारता, आता म्हातारपणी गावी का येत नाही. येते की. पण माय-बाबा गेल्यापासून काकांच्या घरी मला पाट मांडून बसवतात, आधी वाढतात, पाहुणी म्हणून. आणि जे कुणी माझ्यासारखे गाव सोडून नागपूर-मुंबईला गेलेत, त्यांना हे सांगावं लागणार नाही. मायच्या घरी दार वाजलं की ती चुलीपासून न उठता विचारायची, "कोन हाय वं?" आणि नाव सांगायची गरज पडायची नाही, 'मी' म्हटलं की पुरे. अकोल्यात माझ्या दोन खोल्या आहेत, नळ आहे, विजेचा दिवा आहे. बाहेरून येऊन कुलूप काढते, आत पाऊल टाकते, आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणते, "मी हाय."