बाई पुन्हा खिडकीवर बसल्या

सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या कारकुनांना बाई शिकवायच्या. अर्ज कसा तपासावा, चिडलेल्या माणसापुढे आवाज कसा खाली ठेवावा, हे सगळं. वर्गात त्यांचा दरारा असा, की मागच्या बाकावरचेही जांभई गिळून टाकायचे. पण गेल्या सहा वर्षांत बाई स्वतः एकदाही खिडकीवर बसल्या नव्हत्या.

त्याआधी त्या दाखल्यांच्या खिडकीवर होत्या. एका माणसाला त्यांनी मान वर न करता चौथ्यांदा "उद्या या" म्हटलं, आणि त्याने हातातलं हेल्मेट काचेवर हाणलं. काच फुटून बाईंच्या भुवईला तीन टाके पडले. जखम भरली, भीती मात्र मुक्कामालाच राहिली. बाईंनी बदली मागून घेतली.

यंदा प्राचार्य म्हणाले, "शेवटचा आठवडा मुलं प्रत्यक्ष खिडकीवर बसतील. शेजारी तुम्ही."

बाईंनी घरी येऊन नवऱ्याला ते सांगितलं. मग म्हणाल्या, "अंगात कणकण वाटतेय."

त्याने कपाळाला हात लावला. "गार आहे की. ताप आलाय की प्राचार्य?"

एरवी त्या हसल्या असत्या.

पहिले दोन दिवस बाई जीव मुठीत धरून बसल्या. रांगेत कुणी खोकलं तरी दचकायच्या. तिसऱ्या दिवशी वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी खिडकीवर होती. एका उंच माणसाने तिच्यापुढे कागद आपटला.

"माझ्या मेलेल्या बापाचं नाव तिसऱ्यांदा चुकवलंत! आज मी इथून हलणार नाही!" त्याने काचेवर मूठ मारली. काच थरथरली.

बाई उठल्या त्या थेट मागच्या रेकॉर्डच्या खोलीत शिरल्या आणि आतून कडी लावली. फायलींच्या रॅकला टेकल्या. पोरीला एकटं टाकून आले, हे कळत होतं, पण पाय उचलेना. काच फुटायचा आवाज आता येईल, मग येईल, म्हणून त्या कान देऊन उभ्या राहिल्या.

आला तो मुलीचा आवाज, थरथरता. "काका, वडिलांचं नाव तुम्हीच लिहून द्या. माझ्याही हातून चुकायला नको."

ओरडणं थांबलं.

बाईंनी कडी काढली. बाहेर तो माणूस एकेक अक्षर सावकाश लिहीत होता. बाई खुर्चीवर बसल्या. त्याच्याकडे बघायला त्यांना फार जड गेलं, तरी त्यांनी बघितलं.

"चूक आमची आहे. तुम्हाला तीन खेपा पडल्या. दाखला घेऊनच जा."

कागद घेऊन त्या स्वतः साहेबांकडे सहीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडण्याआधी वर्गात त्यांनी सांगून टाकलं, "काल मी पळाले. हिला एकटीला सोडून."

मुलगी खाली बघत म्हणाली, "मलाही पळायचं होतं बाई. पण कडी तुम्ही आतून लावली होती."

सगळे हसले, बाईसुद्धा. मग मागून कुणीतरी विचारलं, "आता गेली का भीती?"

"नाही."

त्याच दुपारी त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला, की यापुढे एका खिडकीवर शिकाऊ माणसं दोन हवीत. तो मंजूर झाला. पुढच्या तुकडीलाही बाईच घेऊन गेल्या. त्या सकाळी बसमध्ये त्यांनी तळहात तीनदा रुमालाला पुसले.