मिनिमम ड्यू कोण भरतं?

"इथे मिनिमम ड्यू कोण कोण भरतं? टीचर्ससुद्धा. खरं खरं हात वर करा."

मी हात वर केला.

आखातातल्या आमच्या भारतीय शाळेची अकरावी-बारावीची सगळी मुलं हॉलमध्ये होती. पहिल्या रांगेत आम्ही शिक्षक. आजूबाजूला, मागे वळून पाहिलं तर वर गेलेला हात एकच. माझा. बाकीचे शिक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून. त्यांच्यातल्या तिघांनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर सांगितलं होतं, या महिन्यातही किमानच भरलं म्हणून.

स्टेजवर वैदेही मॅडम. माझ्या अकरावी कॉमर्सच्या वर्गातल्या आर्याची आई. त्या हसल्या. आधी खुदकन, मग माइकमध्ये, मोठ्यानं.

"ओ माय गॉड, खुद्द कॉमर्सच्या मिस! मुलांनो, नीट बघून घ्या. बँका जगतात त्या अशाच लोकांवर. नुसत्या डिग्रीनं भागत नाही, अक्कल लागते."

इंग्रजीत म्हणाल्या. मी मराठीत लिहितेय, पण पदरचं काही घातलेलं नाही.

हॉल हसला. माझीच मुलं. काही नुसती शेजारचा हसतोय म्हणून हसली, तरी हसलीच.

"मिस, माइक पुढे द्या ना," मॅडम म्हणाल्या. मी उठले आणि हातातला दुसरा माइक मागच्या रांगेतल्या मुलाला दिला. त्या दिवशी मला तेवढंच काम होतं. माइक फिरवायचं.

पडद्यावरच्या स्लाइड माझ्या होत्या. क्रेडिट कार्ड म्हणजे काय, ते कसं वापरायचं, हा विषय मुलांना शिकवायचा म्हणून चार महिने मी खपले होते. पाठ्यपुस्तकात त्यावर जेमतेम अर्धं पान. मी सोपी उदाहरणं तयार केली. कार्डाचं बिल आलं की पूर्ण भरायचं. जमलं नाही तर बँक म्हणते, सध्या एवढं थोडं भरा, चालेल. ते मिनिमम ड्यू. चालतं. फक्त उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं. हे सगळं मी प्रिन्सिपल सरांना दाखवलं. ते म्हणाले, "बहुत अच्छा है मॅडम. एक पेरेंट बँक में थीं, वो प्रेझेंट करेंगी. आप असिस्ट कीजिए." पहिल्या स्लाइडवरचं माझं नाव निघालं. बाकी सगळं तसंच राहिलं. एका ठिकाणी माझी स्पेलिंगची चूक होती, तीसुद्धा.

आता खरं सांगते. लाज नंतर आली. आधी आला हेवा.

हॉलमधून निघून मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि उभी राहिले. डोक्यात अपमान नव्हताच. डोक्यात त्या बाईचा आवाज होता. किती सहज बोलते. घसा कोरडा पडत नाही. साडीची निरी हलत नाही. मला तसं व्हायचं होतं. जिने मला अडीचशे मुलांसमोर बिनअकलेची ठरवलं, तिच्यासारखंच.

हे दुखणं जुनं होतं. मागच्या संक्रांतीला त्यांनी मदिनत सुलतान काबूस या इथल्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यावर हळदीकुंकवाला बोलावलं होतं. शाळेतल्या सगळ्या मराठी बायकांना. मी गेले. दारातच विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?" सांगितलं. मग गाव विचारलं. खेडजवळचं. मग विचारलं, "वाडी कुठली?" कोकणात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मला लहानपणापासून कळतं. तेही सांगितलं. मॅडमनी तिळगूळ दिला, हातावर न टेकवता, वरून सोडला. मग सगळ्यांना ओळख करून दिली. "हिचे बाबा आमच्या सोहारच्या कंपनीत मेसला होते. काय आमटी करायचे गं!"

आमची कंपनी म्हणजे मॅडमचे यजमान तिथे मॅनेजर. आणि बाबांनी इथून दोनेक तासांवरच्या सोहार औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं स्वयंपाक केला. गावात आमच्या हातचं पाणी न घेणारी माणसं तिथे ताट घेऊन रांगेत उभी राहायची आणि बाबांच्या हातची आमटी ओरपायची. बाबा सुट्टीवर आले की हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही.

त्या संध्याकाळी मला राग यायला हवा होता. मी काय केलं? जेवणाचं टेबल बघत बसले. लांबलचक, आठ खुर्च्यांचं. त्यावर काचेची भांडी. सगळं उरकल्यावर केटरिंगवाला बिल घेऊन आला. मॅडमनी ते वाचलंही नाही. कार्ड पुढे केलं आणि बोलणं चालूच ठेवलं. त्या हाताचा मला इतका हेवा वाटला की घरी येताना टॅक्सीत मी पर्समधल्या नोटा दोनदा मोजल्या.

पंधरा दिवसांत मी कार्ड काढलं. टेबल घेतलं, सहा खुर्च्या. काचेचा डिनर सेट. आमची रुवीतली दोन खोल्यांची जागा. टेबल ठेवल्यावर दार पूर्ण उघडेना. नवरा अझैब्यात एका शोरूमला एसी दुरुस्त करतो. त्यानं विचारलं, "कोणासाठी एवढं मोठं?"

"आपल्यासाठी."

खोटं. मॅडमना जेवायला बोलवायचं होतं. बोलावलंही. त्यांचा मेसेज आला, "सॉरी गं, या वीकेंडला नाही जमणार." पुढच्या वीकेंडचं त्या काही बोलल्या नाहीत. आणि मी मिनिमम ड्यू भरायला लागले. वर्गात एक शिकवायचं, घरी दुसरं करायचं.

हेवा आईपुरता नव्हता, मुलीपर्यंत गेला होता. सोळा वर्षांची आर्या. शाळा सुटल्यावर समोरच्या कॉफी शॉपमध्ये आठ मैत्रिणींना दाट दुधाचा करक चहा आणि शावर्मा. मोबाइल मशीनला टेकवला की झालं. आईचं कार्ड त्यात भरलेलं. मी बसची वाट बघत उभी असायचे आणि त्या पोरीवर जळायचे. माझ्याच विद्यार्थिनीवर. मी तिचे पेपर कडक तपासत होते. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

रविवारी वर्गावर गेले; इथे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो. सगळ्यांना हॉल आठवत होता. आर्यानं हात वर केला. माझ्याशी ती हट्टानं मराठीत बोलते, अडखळत.

"मिस, तुम्ही पूर्ण पैसे का नाही... भरला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मला आधी वाटलं, आईनं पढवून पाठवलंय. तिच्याकडे पाहिलं. नाही. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या जगात बिल पूर्ण न भरण्यासारखं काही कारणच नव्हतं.

मी मार्कर घेतला आणि फळ्यावर माझंच स्टेटमेंट लिहिलं. काय घेतलं. केवढ्याला. दर महिन्याला किती भरते. त्यातलं व्याजात किती जातं. मूळ रक्कम किती कमी झाली. जवळजवळ नाहीच.

"चूक कुठे झाली?" मी विचारलं.

"पूर्ण भरायला हवं होतं," एकजण म्हणाला. "व्याजाचा दर बघायला हवा होता," दुसरी.

"त्याच्या आधी."

मी फळ्यावरच्या 'टेबल' या शब्दाखाली रेघ मारली.

"मला टेबल नकोच होतं," मी म्हटलं. "मला एका बाईसारखं दिसायचं होतं. माझ्या स्लाइडमध्ये हे नव्हतं. मी लपवलं होतं."

नाव घेतलं नाही. घरी विचारून यायला सांगितलं: तुमच्या घरी कार्डाचं बिल कोण भरतं? आकडे नकोत. फक्त कोण, आणि त्यांनी शेवटचं बिल कधी वाचलं.

दुसऱ्या दिवशी सफा नावाची मुलगी उठली. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलली. "माझे डॅड सोहारला असतात, मिस. तेही मिनिमम भरतात. काल पहिल्यांदा सांगितलं मला. रडले फोनवर." वर्गात कुणी हसलं नाही.

मग आर्या. "मम्मानं बिल कधी पाहिलंच नाही. पपांचं ऑफिस बघतं म्हणे सगळं." खाली बसता बसता म्हणाली, "मग मिस, मी कोणाचे पैसे खर्च करते?"

मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. जिनं मला अक्कल शिकवली, तिनं आयुष्यात एक बिल उघडलेलं नाही! पण ते सुख मधल्या सुट्टीपर्यंतही टिकलं नाही. मी वर्षभर कोणावर जळत होते? माझ्या बाबांनी घाम गाळून मला शिकवलं. त्या शिक्षणाच्या जोरावर मी बिलाची ओळन् ओळ वाचू शकते. आणि मला हात कोणाचा हवा होता, तर जो बिल वाचत नाही त्याचा. त्या दिवशी मला बाबांपुढे खरी लाज वाटली. हॉलमधली लाज त्यापुढे काहीच नव्हती.

बुधवारी प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. वैदेही मॅडम आधीच बसल्या होत्या. आर्यानं घरी प्रश्न विचारून भंडावलं होतं.

"मॅडम, दो लाइन लिख दीजिए," सर म्हणाले. "हॉल में आपने मज़ाक किया था, क्लास में एक्झाम्पल दिया था. कॉमर्स टीचर पर कर्ज़ा, अच्छा नहीं लगता. लिख दीजिए, खलास."

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. तिळगूळ वरून सोडणारा हात. "अगं, मनाला काय लावून घेतेस? लिहून टाक. तुझे बाबा किती साधे होते, कधी उलटून बोलले नाहीत."

मी हात काढून घेतला.

"मला अहो म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"मी तुमच्या मुलीची शिक्षिका आहे. मला अहो-जाहो करा. माझे बाबा उलटून बोलले नाहीत, कारण त्यांना मला शिकवायचं होतं. ते काम झालंय. मी लिहून देणार नाही. जे सांगितलं ते खरं आहे."

मग सरांना हिंदीत सांगितलं, "सर, स्लाइड मेरे हैं. अगली बार मेरा नाम रहेगा, और माइक भी मेरे पास रहेगा."

सर खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, कॉन्ट्रॅक्ट मार्च में रिन्यू होता है. सोच लीजिए."

"सोच लिया."

मॅडम उठल्या. पर्स उचलून गेल्या. मला त्यांची पर्स आवडली. आजही सांगते, आवडली. हेवा एका दिवसात मरत नाही.

मार्च अजून यायचा आहे. करार वाढेल की नाही, माहीत नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी विचारायचं होतंस." बरोबर आहे त्याचं. आम्ही पाहुणचार, सिनेमा, सोनं, सगळं बंद केलंय. मी आता किमान भरत नाही. पोटाला चिमटा बसतो, पण जास्त भरते.

अकरावीला हा धडा मी रोज दहा मिनिटं शिकवतेय. आर्याही बसते. तिचे जुने पेपर काढून मी पुन्हा तपासले आणि कापलेले मार्क परत दिले. व्याजाचं गणित मुलांना येतं. मी त्यांना दुसरं विचारते. तुम्हाला ही वस्तू हवी आहे, की ती ज्याच्याकडे आहे तो माणूस व्हायचंय? याचं उत्तर मिळेपर्यंत कार्ड बाहेर काढायचं नाही.

ही शाळा गेली तर दुसऱ्या शाळेत शिकवेन. शाळाच मिळाली नाही तर सोहारला जाईन आणि बाबा राबले त्या मेसमध्ये सुट्टीच्या दिवशी कामगारांना बिल वाचायला शिकवेन. माझं नाव सांगून शिकवेन. आडनाव सांगून. वाडी सांगून.