रविवारचा मुडदा

या घरात मी सात वेळा मेलो आहे. एकदा पोत्याखाली चिरडून, एकदा गळ्याभोवती साखळी आवळून, एकदा धान्याच्या राशीत गुदमरून. एवढं धान्य आणणार कुठून, म्हणून ती रास लाकडाच्या भुशाची केली होती आणि पुढचे चार दिवस मी वर्गात शिंकत होतो. बाकीचे प्रकार मी शेजाऱ्यांनाही सांगत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो, माझं कुणाशी वाकडं नाही. पण माझी बायको कादंबऱ्या लिहिते, आणि तिच्या कादंबरीत ज्याचा खून व्हायचा असेल त्याचा खून आमच्याकडे आधी रविवारी सकाळी होतो.

दिवसा ती जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत नकला काढते. बंदराच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या तिच्या टेबलावर येतात: कुठलं जहाज आलं, काय उतरलं, किती भरलं. एकदा तिला एका वहीत आढळलं की एकाच मालाचं वजन सकाळी एक लिहिलंय आणि संध्याकाळी दुसरं, आणि दोन्हींच्या मधे, समासात, एका हमालाच्या मृत्यूची अर्धी ओळ आहे. ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "त्याला कुणीतरी मारलंय." मला वाटलं कचेरीतल्या कुणाबद्दल बोलतेय. माझा घास हातातच राहिला.

त्यातून तिचा मापाडी जन्माला आला. बंदरावर माल तोलणारा बुटका, हट्टी माणूस. ना तलवार, ना घोडा. साक्षीदार खोटं बोलायला लागला की तो काट्याकडे वळतो. पहिला भाग घेऊन ती एका प्रकाशकाकडे गेली, तेव्हा त्यानं विचारलं, "नायक म्हणून मापाडी? त्यापेक्षा एखादा तरणाबांड फौजदार नाही का चालणार?" बाईसाहेबांनी बाड उचललं आणि समोरचा चहा तसाच टाकून निघून आल्या. तेव्हापासून सगळं स्वतःच. छापून घ्यायचं स्वतः, मुखपृष्ठावरून चित्रकाराशी भांडायचं स्वतः, पुस्तकमेळ्यात घडीचं टेबल मांडून उभं राहायचं स्वतः. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, तिच्या प्रत्येक भागाला अठरा आली. तरी अकरा वर्षांत सात भाग निघाले. वाचक थोडे, पण चिवट.

आता नानांविषयी. नाना म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही वर राहतो, खाली त्यांचं काटे दुरुस्तीचं दुकान. वाण्याच्या तराजूपासून गोदामातल्या मोठ्या काट्यापर्यंत सगळं तिथं येतं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन अचूक करतात. हे शिसं कुणी गुपचूप खरवडलं असेल तर नाना ते वजन नुसतं हातात घेऊन सांगतात. मापाडी म्हणजे नानाच, हे आंधळ्यालाही दिसावं. तीच उंची, तोच डावा डोळा बारीक करणं, काटा स्थिर होईपर्यंत तसाच श्वास रोखणं. पण हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. नाना त्याला "तुझा तो माणूस" म्हणतात आणि ती "माझा तो माणूस" म्हणते.

रविवारची पद्धत नानांनीच पाडली. पहिल्या भागातला खून त्यांनी वाचला आणि म्हणाले, "पोतं असं पडत नाही, पोरी." झालं. दुसऱ्या रविवारी आढ्याच्या आकड्याला वाळूचं पोतं टांगलं, मला खाली निजवलं (पोतं पडताना मला उठवलं, एवढी माणुसकी आहे), आणि मी पडलो होतो तिथं तिनं खडूनं माझ्याभोवती रेघ काढली. पोतं रेघेच्या आत पडलं तर खून पास. तेव्हापासून नियमच झाला: जे इथं जमलं नाही, ते पुस्तकात नाही. चौथ्या भागानंतर कुणा म्हाताऱ्या जहाजसुताराचं पत्र आलं होतं, की काटा समोर ठेवून वाचलं, कुठं गुंजभर चूक नाही. नानांनी ते काचेत लावून घेतलं. माझ्या लग्नाचा फोटो अजून पाकिटात आहे.

दुकानाच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेले आकडे आहेत. दर एक तारखेला नाना प्लॅटफॉर्म काट्यावर उभे राहतात आणि स्वतःचं वजन तिथं लिहितात. गेली तीस वर्षं, दार भरलं की पुसून वरून पुन्हा. "माझं वजन बदलत नाही," ते सांगायचे, "बदललं तर समजायचं काटा बिघडला." त्रेसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट, असा तो रकाना दाराच्या अर्ध्यापर्यंत सरळ आला होता. मागच्या वर्षी एकसष्ट आले. नानांनी काटा पूर्ण खोलला, साफ केला, परत जोडला. पुढं अठ्ठावन्न आले. त्यांनी पुन्हा खोलला. पंचावन्न आल्यावर मात्र त्यांनी काट्याला हात लावला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. 

याच सुमारास तिचा आठवा भाग सुरू झाला, आणि घराची शांतता गेली. ती लिहिताना चालते, हे जुनंच. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून परत. नाना खाली बसून पावलं ऐकतात आणि सकाळी मला विचारतात, "मास्तर, काल खून अडला होता का?" पण या वेळचं चालणं वेगळं होतं. कचेरीतून आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून फेऱ्या सुरू. दूध उतू जायचं. दाराची कडी लावून परत बघायला जायची. एकदा ती भाजी घ्यायला म्हणून गेली आणि रिकाम्या पिशवीसह परत आली, वर मलाच म्हणाली, "काय बघतोस?" मी म्हणालो, काही नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली की माणूस हे शिकतो.

शुद्धलेखन मी तपासतो. या वेळी तिनं मला शेवटचं प्रकरण दिलंच नाही. विचारलं तर म्हणे, त्यात चुका नाहीत. चुका नसलेलं प्रकरण तिनं आजवर लिहिलेलं नाही, तेव्हा ती कचेरीत गेल्यावर मी खण उघडला आणि वाचलं. मापाडी गोदामातल्या मोठ्या काट्यापाशी गुडघ्यावर बसून माल तपासतोय. कुणीतरी समोरच्या पारड्याची साखळी आधीच अर्धवट कापून ठेवलेली. साखळी तुटते, लोखंडी दांडी डोक्यावर येते, मापाडी संपतो. मालिकाही संपते.

संध्याकाळी मी विचारलं, "मारलंस?"

तिनं पुसलेलंच टेबल परत पुसायला घेतलं. "हो."

"नानांना दाखवलंस?"

"नाही दाखवणार. सोमवारी छपाईला जाणार आहे."

"अगं, पण रविवार? नियम?"

"दारावरचे आकडे तू वाचलेस ना?" तिचा आवाज एकदम चढला. "मीही वाचते. रोज दुकानातून जाताना वाचते. त्याला कुणीतरी मारणारच आहे. मग मी मारते. निदान नीट मारीन. नंतर माझ्याच्यानं एक ओळ लिहिली जाणार नाही, समजतंय तुला?"

मला तिचा राग आला, खरं सांगतो. बापाच्या पाठीमागं बापाला मारायचं आणि वर नीट मारीन म्हणायचं! पण तिचे हात बघितले आणि राग गिळला. फडकं पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं.

सोमवारच्या आधी नाना पुस्तक बघणार नाहीत अशी तिची खात्री होती. छापून आलं की सांगू, तोवर बघू. पण सात खून बिनचूक पचवणारी बाई एक गोष्ट विसरली. आमचा जिना अरुंद आहे, म्हणून छापखानेवाला अकरा वर्षांपासून सगळं खाली दुकानातच ठेवतो. शनिवारी दुपारी शेवटची कच्ची प्रत आली, ती नानांच्या हातात. पाकिटावर तिचं नाव, आत त्यांचा माणूस. त्यांनी अर्थातच फोडलं. दरवेळी तेच फोडतात.

संध्याकाळी जिन्यातून हाक आली. "मास्तर! उद्या सकाळी मोकळे आहात ना? मरायला या."

ती खिडकीपाशी उभी होती. तिथंच खाली बसली.

सकाळी आम्ही खाली गेलो तेव्हा नानांनी मोठा काटा आढ्याला टांगून ठेवला होता. एकट्यानं कसा टांगला देव जाणे. कच्ची प्रत स्टुलावर, मधे पेन्सिल. ती काही बोलायला गेली, "नाना, मी तुम्हाला सांगणारच..."

"आधी काम," नाना म्हणाले. "मास्तर, इथं गुडघ्यावर बसा. या भरल्या पारड्यापाशी. आता बघ, पोरी."

त्यांनी समोरच्या पारड्याच्या साखळीची कडी मोकळी केली. ते पारडं धाडकन खाली पडलं, दांडीचं ते टोक वर उडालं, आणि माझ्या बाजूचं पारडं वजनांसकट खाली बसलं. मी पाय वेळेवर ओढला म्हणून आज चालतोय.

"दांडी पडली का? नाही पडली. दांडी वरच्या आकड्याला आहे. साखळी कापून फार तर पाय मोडतो. जन्मभर लंगडेल. मरायचा नाही." मग प्रत बाजूला ठेवून ते स्टुलावर चढले. मी धरायला गेलो तर हात झटकला. "मारायचाच असेल तर साखळीला हात लावायचा नाही. हा वरचा आकडा आहे ना, ह्याचं तोंड उघडून ठेवायचं. भार हलला की अख्खी दांडी खाली. बाजूला व्हा, मास्तर."

दांडी पडली. माझ्या जागी ठेवलेल्या खोक्याचा चुरा झाला. नाना उतरले, धापा टाकत होते, आणि चेहऱ्यावर मात्र काम जमलेल्या माणसाचं समाधान.

"आता मरेल," ते म्हणाले. "हे लिही."

ती पांढरीफटक पडली होती. मला वाटलं संपलं, आता वर जाऊ आणि कुणी कुणाशी बोलणार नाही. पण नाना त्या चुऱ्याकडे बघत डोळा बारीक करून उभे राहिले.

"फक्त रेघ राहिली. मास्तरांची नाही चालायची, ते ताडमाड आहेत. दांडी त्यांच्या पाठीत बसेल. तुझा तो माणूस माझ्या उंचीचा आहे ना?"

आणि गुडघ्यावर हात ठेवत, फरशीला टेकत, ते हळूहळू आडवे झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सदऱ्याची बटणं नीट लावलेली, हात कडेला. "काढ रेघ."

तिनं खडू उचलला. डाव्या टाचेपासून सुरुवात केली. घोटा झाला, पोटरी झाली. पायजम्याच्या आत पाय कुठं आहे तेच कळत नव्हतं, इतका तो बारीक झाला होता. गुडघ्याशी येऊन खडू थांबला. फरशीवर एक ठिपका मोठा होत गेला. मी दाराकडे तोंड केलं, माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"नाही जमत, नाना."

नाना आढ्याकडे बघत होते. "इथं जमत नाही?"

"नाही."

"मग आपला नियम काय?"

पन्नाशीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "जे इथं जमलं नाही, ते पुस्तकात नाही."

"हं. मग लंगडू दे त्याला," नाना म्हणाले. "आता उठवा मला. फरशी गार आहे."

एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं तिनं. दोघांची गरजच नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. नानांनी कपडे झटकले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वळवली.

"आज एक तारीख आहे."

ते प्लॅटफॉर्म काट्यावर उभे राहिले. श्वास रोखला. काटा हलला, डुलला, थांबला. दरवेळी ते स्वतः उतरून दारावर लिहितात. आज उतरले नाहीत.

"खडू तुझ्याच हातात आहे," ते तिला म्हणाले. "तू लिही. किती दिसतंय?"

ती वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बावन्न लिहू?"

"दिसतंय किती?"

"थोडं कमी."

"अर्ध्या किलोनं कुणाला फसवतेस, पोरी? काट्याला?"

ती दारापाशी गेली. रकाना आता खूप खाली आला होता, तिला उकिडवं बसावं लागलं. तिनं आधीच्या आकड्याखाली, त्याच्याच रेषेत, साडेएक्कावन्न लिहिलं, आणि आकडा पुसट आला होता म्हणून त्यावरून परत एकदा खडू फिरवला.