दसऱ्याचा लाल धागा

कापलेल्या गवताचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, मी देखरेखीला असलेल्या साहेबांच्या बंगल्यावर संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि गवत कापायची मशीन सुरूच होईना. नवा प्लग लावला, दोरी ओढून खांदा भरून आला, पण ठिणगी पडेना. गोंदियाकडच्या म्हाताऱ्या माळ्यावर मी सगळ्यांसमोर ओरडलो, "दसऱ्याले मशीन धुतली काहून? पाणी गेलं ना इंजिनात. उद्यापासून येऊ नको." त्यानं वाकून हँडलवरचा पूजेचा लाल धागा सोडला. इंजिन बंद करायचा खटका त्या धाग्यानंच दाबून धरला होता. पहिल्याच ओढीत मशीन धडधडली. "हा धागा तर तुम्हीच बांधला होता," एवढंच तो मला म्हणाला. सगळं गवत कापून, मशीन पुसून तो गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. येऊ नको म्हणणाराही मीच होतो, आणि त्याला परत बोलवायला मी आजवर गेलेलो नाही.