बसलेला आवाज

गणपत परब गेल्याची बातमी त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, स्वतः आणली. दादरच्या ज्या वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव पाहतो, तिथे त्या कधी आल्या नव्हत्या. टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, पहाटे गेले. लालबागला चला." मग भोवतालच्या कपाटांकडे पाहून म्हणाल्या, "एवढी पुस्तकं..." आणि थांबल्या. ते अर्धे वाक्य पाच आठवडे माझ्या कानात आहे.

परब आणि मी परळच्या रात्रशाळेत एका वर्गात होतो. मी पुढे वाचनालयात लागलो, तो गिरणीच्या साचेखात्यात. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावे लागते. त्या सवयीने घरी त्याने मीठ मागितले तरी तीन खोल्यांना ऐकू जायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि हा आवाज त्याच्या लालबागच्या चाळीच्या कामी आला. मोर्चाच्या तोंडाशी परब 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणायचा आणि मागून सगळे 'झालाच पाहिजे' म्हणायचे. मी मोर्चात असे, पण ओठ हलवण्यापुरता. "पुस्तक्या, घशाला कुलूप घातलंयस काय रे?" तो विचारायचा.

त्या दिवसांत त्यांच्या चाळीत बसलेला आवाज मानाचा होता. सभेहून आलेल्याचा घसा साफ असला, तर हा मागे उभा राहून शेंगा खात होता असे लोक म्हणत. घोगऱ्या माणसाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा आधी मिळे. त्यामुळे गणपतीनंतर शिवाजी पार्कवरच्या एका सभेहून परब आवाज बसवून आला, तेव्हा काळजी कुणालाच वाटली नाही. कोणी ज्येष्ठमध दिले, कोणी खडीसाखर. "घसा बसलाय रे, मी कुठे बसलोय?" असे म्हणून तो बिडी पेटवायचा.

बाकीच्यांचे आवाज आठ दिवसांत सुटले. त्याचा सुटला नाही. पण पुढे आणखी एक सभा झाली, मग एक मोर्चा, आणि दर वेळी नवे कारण मिळत गेले. दिवाळीनंतर त्याचा कान दुखू लागला. घास गिळताना कळ थेट कानात जायची. घशाचा आणि कानाचा काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातही आले नाही. वहिनी लसणीचे तेल कोमट करून कानात घालीत राहिल्या.

एकदा त्यांनी मला दारातच गाठले. "भावजी, तुम्ही वाचता. असं इतके दिवस राहतं का? डॉक्टरला दाखवावं का?"

आतून परब घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर काय सांगणार? ओरडू नको म्हणणार. मग मोर्चा काय हा पुस्तक्या काढणार?"

शेजारचे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "सभा थांबल्या की सुटेल, वहिनी." मला काही माहीत नव्हते. पण त्यांनी वाचणारा म्हणून विचारले होते, आणि माहीत नाही एवढे म्हणणे मला जमले नाही...

थुंकीत रक्त दिसले तेव्हा आम्ही परळच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, दुसरा बारीक आरसा घशात धरला आणि बराच वेळ पाहिले. मग परबाला बाहेर पाठवून मला विचारले, "आवाज असा कधीपासून?"

"गणपतीपासून," मी म्हणालो. शिमगा जवळ आला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. "ओरडून बसलेला आवाज आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले तरी सुटला नाही, तर कारणं सांगत बसायचं नाही, घसा दाखवायचा. गिळताना कान दुखला तर तेवढंही थांबायचं नाही." स्वरयंत्रावर गाठ होती. कॅन्सर हा शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारला.

पुढे गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वास राहिला, आवाज गेला. मुंबई महाराष्ट्रात राहणार ही बातमी आली त्या दिवशी खाली रस्त्यावर लोक नाचत होते. परब खाटेवर उठून बसला आणि तोंड उघडून घोषणा देऊ लागला. नळीतून नुसती हवा येत होती. वहिनींनी खिडकी लावून घेतली.

स्मशानात कुणीतरी म्हणाले, याला घोषणेशिवाय कसे पाठवायचे? पण सुरुवात कोणी करायची ते ठरेना. मी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदाच. मागणी मान्य झालेली होती, तरी मागून सगळे म्हणाले, झालाच पाहिजे. घरी पोचेपर्यंत माझा आवाज बसला होता.

तो अजून सुटलेला नाही. शोक असेल, जागरण असेल, अशी माझी मी समजूत घालीत होतो. आज सकाळी परबावर लिहिलेला हा लेख घेऊन वहिनींकडे गेलो. "वाचून दाखवतो," एवढेच म्हणालो, तर त्या हातातले तांदूळ ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"किती दिवस झाले?"

"त्या दिवशी ओरडलो ना, त्यामुळे—"

"भावजी, किती दिवस?"

मी सांगितले. त्यांनी पायात चपला घातल्या.

शेवटच्या या ओळी मी इस्पितळात, घशाच्या विभागाबाहेरच्या बाकावर लिहितो आहे. परबाला आत नेले की वहिनी याच बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायच्या. आजही तिथेच बसल्या आहेत. नंबर पुकारणाऱ्याकडे त्यांचे लक्ष आहे, आणि मला त्या एक शब्दही बोलू देत नाहीत.